वारीचा नेम, अंथरुणावरचे वडील आणि "ती बघेल"

दादा, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, सकाळी परत वाचला, आणि घाईत दोन ओळी टाकण्यापेक्षा नीट लिहू म्हणून आज सुट्टी बघून बसलेय. मला समजलं ते असं. तुमचं गाव फलटणजवळ, गळ्यात माळ, अठरा वर्षं आळंदी ते पंढरपूर पायी वारी, मधली करोनाची दोन वर्षं सोडली तर एकही चुकली नाही. मार्चमध्ये वडिलांना लकवा मारला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आता माकडहाडाशी जखम झालीय. धाकटा भाऊ पुण्यात असतो, पैसे पाठवतो. माउलींचं प्रस्थान पुढच्या महिन्यात. गावातलं एक माणूस म्हणतं बापाला असं टाकून वारी कसली, दुसरं म्हणतं नेम मोडलास तर घराला लागेल. आणि तुम्ही लिहिलंय, "बायको आहे घरात, ती बघेल, पण मनाला शांती नाही." शेवटी घाईघाईत अजून दोन गोष्टी लिहिल्यात, डॉक्टरांनी अंड्याचा पांढरा भाग द्यायला सांगितलाय आणि वडील माळकरी, आणि एकादशीला ते गोळ्या घेत नाहीत, तोंड फिरवतात.

मी कीर्तनकार नाही आणि डॉक्टरही नाही. सरकारी हॉस्पिटलात तेवीस वर्षं मेडिकल सोशल वर्कर म्हणून काम करतेय, त्यातली बरीचशी लकव्याच्या आणि खुब्याच्या फ्रॅक्चरच्या पेशंटच्या घरच्यांबरोबर गेलीत, आणि माझं माहेर तीन पिढ्या माळकरी आहे, लहानपणी वडिलांच्या दिंडीत सामानाच्या ट्रकवर बसून मी पंढरपूरला गेलेय. त्यामुळे दोन्हीकडचं थोडंथोडं कळतं असं समजून वाचा. पेशंट समोर बघितल्याशिवाय काही गोष्टी सांगता येत नाहीत, तुमच्या बाबतीत तीन गोष्टींवर बरंच अवलंबून आहे, जखम किती खोल आहे, वडिलांना किती समजतं, आणि घरात अजून हात किती आहेत. ते जिथे जिथे येईल तिथे सांगते.

आधी मूळ प्रश्न. तुम्ही तो देव की बाप असा मांडलाय, गावातल्या दोघांनीही तसाच मांडलाय. मला तो तसा दिसत नाही. तुमच्या एवढ्या लांब मेसेजमध्ये वहिनी एकदाच येतात, "ती बघेल" एवढ्यापुरत्या. त्यांना विचारलंय का हे कुठेच नाही. तुमचा नेम पाळला जाणार आहे तो त्यांच्या कष्टांवर, मग माझ्या मते पहिला प्रश्न देवाला नाही, गावाला नाही, त्यांना विचारायचा आहे.

"बघेल" म्हणजे नेमकं काय ते मोजून सांगते कारण घरातल्या पुरुषमाणसांना बरेचदा खरंच माहीत नसतं, त्यांचं प्रेम कमी असतं असं नाही. लकव्याच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. म्हणजे दिवसाला बारा वेळा. परतीचा प्रवास धरून तुम्ही एकवीस दिवस बाहेर राहिलात तर अडीचशे वेळा. पासष्ट किलोचा माणूस एकटीने वळवायचा, तोही एक बाजू पूर्ण सुटलेला. त्यात दोन-तीनदा डायपर, कॅथेटरची पिशवी, ड्रेसिंग, चारदा भरवणं, प्रत्येक वेळी ताठ बसवून आणि भरवल्यावर पुढे अर्धा तास तसंच बसवून ठेवणं, नाहीतर घास श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होतो. आणि यात स्वयंपाक, जनावरं, पोरांची शाळा धरलेलीच नाही. माझ्या ओपीडीत पाठीला पट्टा लावून येणाऱ्या सुना मी इतक्या बघितल्यात की आता पेशंटच्या आधी मी त्यांनाच विचारते, ताई रात्री झोप किती होते.

आता पुंडलिक. तुमच्या गावातल्या त्या पहिल्या माणसाने पुंडलिकाचा दाखला दिला असणार, सगळे देतात. आईवडिलांचे पाय चेपत होता, देव दारात आला तर वीट फेकली आणि म्हणाला थांब, आणि तो अजून थांबलाय. आपली सगळी वारी ज्या देवाकडे जाते तो देव एका मुलाने सेवा अर्धी सोडली नाही म्हणून तिथे उभा आहे, हे खरंच आहे. पण या गोष्टीतली एक बाजू कुणी सांगत नाही. पुंडलिक पाय स्वतः चेपत होता. बायकोला चेपायला बसवून तो देवाला भेटायला उठला नाही. आणि त्याच्या आधीची गोष्ट आठवा, काशीला निघाला तेव्हा बायकोला खांद्यावर घेतलेलं आणि म्हातारे आईबाप मागून पायी, म्हणजे तेव्हाही यात्राच चालली होती, धर्माचंच काम होतं, फक्त त्याचा भार कुणावर पडतोय तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. पुढे कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले. मला ही गोष्ट त्यासाठी महत्त्वाची वाटते.

म्हणून मग "वारीला जाऊ नका" असं मी सांगतेय का, तर नाही. इथे मी गावातल्या त्या माणसाशी सहमत नाही. सतत सेवा करणारं माणूस कधीच घराबाहेर पडलं नाही तर काय होतं ते मी बघितलंय. एक गृहस्थ होते, सहा वर्षं आईचं सगळं एकट्याने केलं, कुठे लग्नाला गेले नाहीत, देवळात गेले नाहीत. शेवटी शेवटी आईच्या दंडावर बोटांचे वळ दिसायला लागले. वाईट माणूस अजिबात नव्हता, माझ्यासमोर बसून ढसाढसा रडला. पार संपला होता तो. ज्याला वारीत बळ मिळतं त्याने वर्षातून काही दिवस तिकडे जाणं याला मी चैन म्हणत नाही, परत येऊन तो बापाशी जास्त मायेने वागतो. पण मग हाच नियम वहिनींनाही लावा. त्या शेवटच्या माहेरी कधी गेल्या? त्यांचीही माळ असेल, त्यांनाही पंढरपूर बघायचं असेल. मार्चपासून त्यांना सलग सहा तास झोप मिळाली अशी एक तरी रात्र आठवते का तुम्हाला?

दुसऱ्या माणसाचं म्हणणं, नेम मोडला की घराला लागतं. दादा, ही भीती मी हलक्यात घेत नाही, माझी आजी तिच्यातच वाढली होती. पण तुम्ही स्वतः बघितलंय की २०२० आणि २०२१ ला पायी सोहळाच थांबला. हैबतबाबांपासून जवळजवळ दोनशे वर्षं चालत आलेली पालखीची रीत, आणि त्या दोन वर्षी पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, मोजक्या माणसांबरोबर. का, तर गर्दीने रोग पसरून लोकांचे जीव जाऊ नयेत म्हणून. तेव्हा लाखो वारकऱ्यांचा नेम एकदम तुटला, तुमचाही. तुमच्या मनात तेव्हा आलं का की विठ्ठल कोपेल? नाही आलं, कारण ते दुसऱ्याच्या जिवासाठी होतं हे सगळ्यांना कळत होतं. घरातल्या एका जिवासाठी थांबणं त्याहून वेगळं कसं? आणि अरणच्या सावतोबांचं, म्हणजे संत सावता माळ्यांचं बघा, मळ्यातलं काम हीच पूजा मानली, पंढरीला गेले नाहीत असंच परंपरा सांगते, आणि त्यांच्या पुण्यतिथीला पांडुरंगाचीच पालखी अरणला जाते. एकनाथांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगा तहानलेल्या गाढवाला पाजली. संप्रदायात हे जागोजागी आहे, आपण कीर्तनात मान डोलावतो आणि घरी आल्यावर हिशोब वेगळा लावतो.

वडिलांचा लकवा आणि तुमचा नेम यांचा संबंध नाही हेही स्पष्ट लिहिते कारण रात्री अंथरुणात पडल्यावर असले विचार येतात. बीपी, शुगर, तंबाखू, हृदयाचे अनियमित ठोके, या कारणांनी येतो तो. बीपीची गोळी रोज मिळते की नाही यावर पुढचा झटका अवलंबून आहे, त्यावर खाली येतेच.

आता करायचं काय. सगळ्यात आधी वडिलांना विचारा. तुम्ही म्हणाल त्यांना बोलता कुठे येतं. उजव्या बाजूच्या लकव्यात वाचा जाते पण समज बरीचशी शिल्लक असू शकते, कधी तीही कमी होते, म्हणून आधी तपासायचं. डाव्या हाताने हो असेल तर एकदा दाब, नाही असेल तर दोनदा, असं ठरवा, आणि सुरुवातीला उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारा, तुमचं नाव अमुक आहे का, आता रात्र आहे का. असे पेशंट बरेचदा सगळ्यालाच मान हलवतात आणि घरचे समजतात होकार मिळाला. म्हणून खरा प्रश्न उलटसुलट विचारायचा. सकाळी "मी वारीला जाऊ का", संध्याकाळी "मी यंदा घरी थांबू का". दोन्हीला हो आलं तर त्यांना प्रश्न कळलेला नाही, तो होकार धरायचा नाही. कळत असेल तर मात्र त्यांचं उत्तर काहीही असू शकतं बरं का. माझ्या एका पेशंटच्या मुलाने वारी रद्द केल्याचं बापाला सांगितलं तर त्या आजोबांनी खुंटीवरच्या टाळांकडे बोट करून असा काही आवाज काढला की सगळं घर हललं, त्यांना मुलगा जायलाच हवा होता, आपल्या वाटणीचं पण चालून यावं असं त्यांच्या मनात होतं. मुलगा गेला, पण पाच दिवस, आणि ते पाच दिवस बहीण येऊन राहिली.

मग भाऊ. पैसे पाठवतो हे कमी नाही, एअर बेड आणि डायपर फुकट येत नाहीत. पण रात्री तीन वाजता कूस बदलायला माणूस लागतं. त्याला भांडणाच्या सुरात बोलू नका, तारखा सांगा. अमुक ते अमुक मी नाही, तू रजा टाकून ये, त्याआधी एका शनिवार-रविवारी येऊन दोन दिवस सगळं तुझ्या हाताने कर, मी बाजूला बसतो. ही दोन दिवसांची तालीम कृपा करून चुकवू नका, कागदावर सगळं लिहून दिलं तरी भरवताना ठसका लागला की नवीन माणूस घाबरतो, ते एकदा तुमच्या समोर होऊन जाऊ दे. तो म्हणाला माझी बायको येईल, तर परत तेच झालं, एकीच्या ऐवजी दुसरी. आईवडिलांच्या पोटगीचा २००७ चा कायदा आहे, त्यात सगळी सज्ञान मुलं येतात, मुलगा मुलगी दोन्ही, तक्रार प्रांताधिकाऱ्यांकडे करायची असते. हे धमकी द्यायला सांगत नाहीये, थोरल्याचीच जबाबदारी अशी जी समजूत गावाकडे असते तिला काही आधार नाही एवढंच.

आणि नेम कसा ठेवायचा याबद्दल, तुम्ही सगळं किंवा काहीच नाही असं धरून बसलाय असं वाटतं. आषाढी-कार्तिकीपैकी वर्षातून निदान एक वारी, असंच मोठी माणसं माळ घालताना सांगत आली आहेत. कार्तिकीला एसटीने जाऊन दर्शन घेऊन दुसऱ्या दिवशी घरी येता येतं. तुमचं गाव तर पालखी मार्गावरच आहे. लोणंद ते तरडगाव चाला, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण बघा, दुसऱ्या दिवशी फलटणपर्यंत चाला आणि रात्री वडिलांच्या उशाशी झोपायला घरी. किंवा शेवटी वाखरीला गाठा आणि तिथून पंढरपूर. जखम खोल असेल, वास येत असेल, ताप असेल, तर यंदा हेच करा, माझं स्पष्ट मत आहे. जखम वरवरची असेल, भाऊ येत असेल आणि वहिनी मनापासून जा म्हणत असतील तर आठ-दहा दिवस जायला माझी हरकत नाही. पूर्ण तीन आठवडे मात्र पहिल्या वर्षी नको, लकव्यानंतरचे सुरुवातीचे महिने व्यायामाने जे काही परत येण्यासारखं असतं ते परत आणायचे असतात. वहिनींचा होकार घेताना एक करा, चार माणसांत विचारू नका, सासूसमोर तर नकोच. चार माणसांत कोणतीही सून जा म्हणेल.

वारीचं एवढं. आता अंडं.

इथे मी आधी हिशोब करायला सांगते, कारण धर्म आणि डॉक्टर यांचं भांडण आहे असं आपल्याला वाटतं आणि पुष्कळदा ते भांडण नसतंच. जखम भरायला प्रोटीन लागतं, साधारण किलोला सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे पासष्ट किलोला रोज ऐंशी ते शंभर. एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास असतं. दोन अंड्यांचं सात, आणि तेवढं साधारण एका ग्लास दुधात येतं. पन्नास ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांमध्ये पंचवीसच्या आसपास, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा, शिवाय घट्ट डाळ, दही, भाजलेल्या शेंगदाण्यांचं बारीक कूट, दूध पावडर दुधातच कालवून. सगळं मऊ वाटून, त्यांना गिळता येईल तसं. किडनीचा रिपोर्ट ठीक आहे ना तेवढं डॉक्टरांना विचारा, आणि सरळ सांगा की साहेब आम्ही माळकरी, अंडं नको, दुसरं लिहून द्या. डॉक्टर रागावत नाहीत हो, अंडं स्वस्त आणि सोपं म्हणून ते सांगतात, बहुतेक वेळा दुसरा तक्ता मिळतो.

पण लपवून देऊ नका. उपम्यात कालवून, डाळीत मिसळून, "त्यांना कुठे कळतंय" म्हणत. हे मी फार बघितलंय आणि मला ते चुकीचं वाटतं, पेशंटच्या भल्यासाठी असलं तरी. चाळीस चाळीस वर्षं ज्या माणसाने एक गोष्ट पाळली त्याचा हात आता चालत नाही म्हणून आपण त्याच्या तोंडात काहीही घालायचं, हे काही बरोबर नाही. एका घरी आजोबांना वासावरून कळलं, त्यानंतर ते सुनेच्या हातचं खाईनात, पाण्यालाही तोंड मिटून घ्यायचे, आणि जी जखम भरायची म्हणून हे सगळं केलं ती वाढली. शाकाहारी खाण्याने खरंच भागणार नसेल, तसंही कधी होतं, तर वडिलांना वर सांगितलं तसं विचारा, आणि ज्यांच्याकडून माळ घेतली ते महाराज असतील तर त्यांनाही विचारा, औषध म्हणून घ्या असं सांगणारे मी पाहिलेत. तरी वडील नाही म्हणाले तर तो नकार माना. माझ्याबरोबर काम करणाऱ्या काही जणांना हे पटत नाही, ते म्हणतात जीव आधी. जीव आधी हे मला मान्य आहे, पण तो ज्याचा जीव आहे आणि ज्याला अजून समजतंय त्याच्या संमतीने.

एकादशीच्या गोळ्यांच्या बाबतीत मात्र मी इतकी मऊ नाही. लकवा झालेल्या माणसाची रक्त पातळ करायची आणि बीपीची गोळी महिन्यातून दोन दिवस चुकवणं म्हणजे दुसऱ्या झटक्याला वाट करून देणं. आणि इथे धर्म आडवा येतच नाही. व्रत न मोडणाऱ्या ज्या आठ गोष्टी जुन्या शास्त्रात सांगितल्यात त्यात पाणी आहे, दूध आहे, फळ आहे आणि औषधही आहे. हे तुम्ही सांगून ते ऐकणार नाहीत, मुलाचं कोण ऐकतं, गावातल्या ज्या बुवांना ते मानतात त्यांना घरी बोलवा आणि त्यांच्या तोंडून सांगू द्या, जमलं तर पहिली गोळी त्यांच्याच हाताने तुळशीपत्राबरोबर देऊ द्या. आमच्याकडे हे जवळजवळ दरवेळी चालतं. शुगरची गोळी असेल तर तिचं वेगळं, उपाशीपोटी घेतली तर साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून उपासाच्या दिवशी किती आणि कधी ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. आणि साबुदाण्याची खिचडी त्यांना देऊ नका, चिकट असते, गिळायला त्रास असलेल्या माणसाच्या घशात अडकते. भगर मऊ शिजवून, ताक घालून दाटसर चालेल, पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर स्पीच थेरपिस्टला एकदा गिळणं दाखवून घ्या, जिल्हा रुग्णालयात विचारा.

भाऊ काय म्हणाला आणि वडिलांनी कितीदा हात दाबला ते मला कळवा, मग तारखांचं आपण बघू. त्याआधी आज रात्रीच एक करा. बॅटरी घेऊन वडिलांची उजवी टाच बघा, माकडहाडाची जखम दिसते म्हणून सगळे तिकडेच बघतात आणि टाच राहून जाते. लाल दिसली तर बोटाने दाबा, दाबल्यावर पांढरी होऊन परत लाल झाली तर अजून वेळ आहे, तशीच लाल राहिली तर तिथेही जखम सुरू झालीय. चोळू नका, पावडर लावू नका, पोटरीखाली आडवी उशी द्या म्हणजे टाच अधांतरी राहील. आणि हे तुम्ही स्वतः करा, वहिनींना आज झोपू द्या.